दाजींचं हार्मोन आणि पावण्यांची म्हैस

लक्ष्मीपुरीच्या पलीकडं माझं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. शेतकरी येतात, भाव विचारतात, दुसऱ्या दुकानात किती सांगितलं ते खोटंच सांगतात, मीही माझं खोटं सांगतो, आणि मध्ये कुठंतरी सौदा जमतो. या धंद्यात डोळे उघडे ठेवावे लागतात. पण परवाच्या उन्हाळ्यात शाहूवाडीकडचा एक पावणा माझ्याशी भाव करत असताना मला झोप लागली. डुलकी नव्हे. तोंड उघडं टाकून मी घोरायला लागलो. पावण्याला वाटलं, भाव न सोडायची ही माझी पद्धत असावी. तो बराच वेळ समोर बसून राहिला आणि शेवटी मी सांगितलेल्या किमतीलाच मोटार घेऊन गेला. जाताना शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, "मालक लई कडक हाय. बोलतच न्हाय."

डायबेटिस मला बरीच वर्षं आहे. गोळ्या घेतो, पथ्य पाळतो असं सांगतो. पण हा थकवा नवीन होता. जिना चढलो की वर गेल्यावर कशाला आलो तेच आठवत नसे. टीव्हीवर कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली, त्यातली आई पोराचा गणवेश उन्हात वाळत घालते, ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोट तर एवढं सुटलं होतं की गल्लीतले टेलर चाचा माझी पँट उसवून उसवून सैल करत आले होते आणि आता आतलं कापड संपलं होतं. त्यांनी मागच्या बाजूला दुसऱ्याच रंगाचं तिकोनी ठिगळ घातलं आणि मला समजावलं, "शर्ट भाईर सोडा. म्होरनं बघणाऱ्याला काय कळत न्हाय."

घरात मात्र या कशाचीच काळजी कुणी केली नाही. काळजी सुरू झाली ती एका रविवारी. मटणाचा रस्सा होता आणि मी दुसरी वाटी नको म्हणालो. बायको पळी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली.

"अवो, बरं न्हाय काय?"

"बरं आहे. मन होत नाही."

"कशाचं मन व्हत न्हाय?"

"कशाचंच."

तिनं पळी पातेल्यात ठेवली. "उद्या डॉक्टरकडं जायचं," ती म्हणाली आणि दुसरी वाटी माझ्यासमोर बसून स्वतः प्याली.

राजारामपुरीत एक डॉक्टरबाई आहेत. साखर आणि हार्मोन या दोन्हींच्या तज्ज्ञ. वयानं आमच्या मुलीएवढ्या असतील, पण बोलणं थेट. त्यांनी वजन घेतलं, पोटाला टेप लावला, झोप कशी लागते विचारलं. मग पेन हातात धरून शांतपणे म्हणाल्या, "आणि तुमचे संबंध कसे आहेत?"

हा प्रश्न मला फार आवडला. इतक्या आपुलकीनं आजवर एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "तसे सगळ्यांशी चांगले आहेत. धाकट्या चुलत्याशी बांधावरून जरा बोलणं बंद आहे, पण दिवाळीला फराळ जातो-येतो."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. बायको कुजबुजली, "अवो, त्या माझ्याबद्दल इचारालत्या."

"तुझ्याशी तर चांगलेच आहेत की."

"व्हय, चांगलेच हायेत," बायको डॉक्टरबाईंना म्हणाली, "भाऊ-बहिणीवानी."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. त्यांनी साखरेच्या तपासण्यांखाली आणखी एक तपासणी लिहिली. टेस्टोस्टेरॉन. "पुरुषांचं हार्मोन असतं," त्या म्हणाल्या. "डायबेटिस आणि पोट दोन्ही असलेल्या बऱ्याच पुरुषांचं ते कमी सापडतं. थकवा, झोप, चिडचिड, मन न लागणं, यामागं ते असू शकतं किंवा नसूही शकतं. सकाळी लवकर, उपाशीपोटी रक्त द्या. दिवस चढला की ते आपोआप उतरतं, खाल्ल्यावरही उतरतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेलो. बाकं भरलेली होती. माझ्याशेजारी फेटा बांधलेले एक म्हातारबाबा सुनेबरोबर आले होते. काउंटरवरच्या बाईंनी हातातला कागद बघितला आणि मोठ्यानं विचारलं, "टेस्टोस्टेरॉन कोण?"

मी हात थोडासा वर केला.

"कोण?"

"मी," मी म्हणालो आणि उठलो.

म्हातारबाबांनी माझी बाही धरली. "काय म्हणाली ती?"

"टेस्टोस्टेरॉन. व्हिटॅमिनचाच एक प्रकार आहे."

"कशापायी तपासत्यात?"

"थकवा येत असला की."

म्हातारबाबा काठी टेकत उठले आणि काउंटरकडं बघून म्हणाले, "बाई, माझं बी ते करा की. मला लई थकवा हाय." सून वर पंख्याकडं बघायला लागली.

रिपोर्टात हार्मोन कमी आलं. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या की एका रिपोर्टवर काही ठरत नाही, थोड्या आठवड्यांनी पुन्हा करू, तोवर जेवण सांभाळा आणि रोज चाला. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या संध्याकाळी बायकोनं भावाला फोन केला.

माझा मेव्हणा कागलजवळच्या गावात राहतो. उसाची शेती आणि गोठाभर म्हशी. तरुणपणी तालमीत होता. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. मिशा अजून रुबाबदार आहेत आणि पोट माझ्यापेक्षा मोठं आहे, पण त्याला तो पोट म्हणत नाही. ती छातीच आहे, वयानं जरा खाली सरकलीय, असं त्याचं मत. तो मला दाजी म्हणतो, मी त्याला पावणं म्हणतो. फोनवर तो इतक्या मोठ्यानं बोलतो की फोन नसता तरी चाललं असतं.

"कमी म्हंजे किती कमी?" त्याचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेर माझ्यापर्यंत आला. "दाजीला म्हणावं, घाबरू नका. मी येतोय."

सकाळी दारात टेम्पो थांबला. आधी मेव्हणा उतरला, मग चाऱ्याच्या पेंढ्या उतरल्या, मग पेंडीचं पोतं, आणि शेवटी फळी लावून एक काळीभोर, मोठी, शांत म्हैस उतरली.

"पावणं," मी म्हणालो, "ही कशाला?"

"दाजी, ही माझ्या गोठ्यातली सगळ्यात चांगली म्हस हाय. पिशवीतलं दूध पिऊन हार्मोन कुठनं येणार? धारोष्ण पाहिजे. कासंतनं निघालं की थेट पोटात. गावाकडनं आणंस्तोवर त्यातलं काय ऱ्हात न्हाय."

"पण म्हणून म्हैसच आणायची?"

"मग काय दाजीला गावाकडं नेऊन बांधायचं?"

बायकोला यात काही चूक वाटली नाही. म्हैस आमच्या दारासमोरच्या विजेच्या खांबाला बांधली आणि मेव्हणा आमच्याकडं मुक्कामाला राहिला.

उपचार असे चालत. पहाटे तो धार काढायचा आणि फेसाळलेला तांब्या माझ्या हातात द्यायचा. बरोबर गुळाचा खडा. त्यावर त्याच्या बायकोनं मुद्दाम करून पाठवलेला डिंकाचा लाडू. दुपारी पायाचं सूप. संध्याकाळी परत तांब्या. "पावणं, मला साखर आहे," मी पहिल्याच दिवशी सांगितलं. मेव्हण्यानं खडा उजेडात धरून दाखवला. "ह्यात साखर कुठं हाय? ह्यो गूळ हाय." मी संपवेपर्यंत तो मिशांवरून हात फिरवत समोर उभा राहायचा. खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. डायबेटिस झाल्यापासून एवढ्या हक्कानं मला गोड कुणी खायला घातलं नव्हतं.

गल्लीत विजेच्या खांबाला म्हैस दिसल्यावर लोक विचारणारच. मेव्हणा खोटं बोलत नाही. जो विचारेल त्याला तो सांगायचा, "दाजीचं पुरुषी हार्मोन कमी झालंय. त्याला उतारा." दुपारपर्यंत ही बातमी गल्लीच्या एका टोकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. बायका माझ्याकडं दयेनं आणि म्हशीकडं आदरानं बघू लागल्या. पोरं तिला हार्मोन म्हणून हाका मारायची आणि ती मान वळवून बघायची.

दोन दिवस पुरुषमंडळी लांबून बघत होती. मग पहाटे एकेक जण ग्लास घेऊन यायला लागला. कशासाठी हवंय ते कुणीच बोलत नसे. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले की नातीला सर्दी आहे, थोडं ताजं दूध हवंय, आणि तिथंच उभ्यानं पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, नातीला बरं वाटलंय. आणि पुन्हा प्याले.

चौथ्या-पाचव्या दिवशी टेलर चाचा माझ्याकडं आले. त्यांनी इस्त्रीसाठी कपडे दारातल्या दोरीवर टाकले होते आणि म्हशीनं त्यातली एक पँट खाल्ली होती. "तुमचीच हाय," चाचा म्हणाले. "बाकीच्यांना तिनं तोंड लावलं न्हाय." माझी पँट म्हणून त्यांनी माझ्या हातात जे दिलं ते फक्त तिकोनी ठिगळ होतं. ते बहुधा तिलाही आवडलं नसावं.

इकडं माझी अवस्था बिघडत चालली होती. तहान एवढी लागायची की मी आणि म्हैस पाण्याच्या बाबतीत बरोबरीला आलो होतो. गिऱ्हाइकाला पाइप दाखवता दाखवता मध्येच पळावं लागायचं. नजर धूसर झाली. बायको घाबरली आणि तिनं घरातलं साखर तपासायचं मशीन काढून माझं बोट टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली.

मेव्हण्यानं ती अक्षरं लावली. "हाय," तो म्हणाला. "बघा, मशीन बी म्हणालंय, हाय. ताकद हाय."

साखर मशीनला मोजता येत नाही एवढी वर गेली की ते असं दाखवतं, हे बायकोला माहीत होतं. तिनं पायात चप्पल घातली आणि रिक्षा बोलावली. मेव्हणाही बरोबर आला. उपचार त्याचे होते, तेव्हा डॉक्टरला समजावून सांगायला आपण हवंच, असं त्याला वाटलं.

डॉक्टरबाईंनी मला आधी झोपवलं, सलाइन लावली, इन्सुलिन दिलं, लघवी तपासली. दुपारपर्यंत साखर खाली यायला लागली, तेव्हा कुठं त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात काय खाल्लंत?"

"ते मी सांगतो," मेव्हणा पुढं झाला.

"आपण?"

"मी ह्यांचा मेव्हणा. ह्यांच्यावर उपचार माझे चालू हायेत."

त्यानं सगळं सविस्तर सांगितलं. म्हशीची जात, चारा, डिंक कुठनं मागवला, सगळं. डॉक्टरबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही मनापासून केलंत, पण उलटं केलंत. पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही. पुरुषी हार्मोन हाताला लागलं की ती त्याचं बायकी हार्मोन करत बसते. हार्मोन उतरलं की स्नायू घटतात आणि चरबी वाढते. स्नायू घटले की रक्तातली साखर जिरवायला जागा उरत नाही. इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. आणि ते झालं की हार्मोन आणखी उतरतं."

मेव्हणा विचारात पडला. "पर आधी खोडी कुणी काढली? साखरेनं का हार्मोननं?"

"ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. दोघं एकमेकांना खाली ओढतात. पण वजन उतरलं, झोप सुधारली, व्यायाम झाला की दोघं बरोबरच वर येतात, असा अनुभव आहे."

"म्हंजे ही भावकीच झाली," मेव्हणा म्हणाला.

"तशीच म्हणा."

त्याला ते पटलं असं दिसलं. खांद्यावरून खाली पडलेला टॉवेल उचलायला तो वाकला आणि डॉक्टरबाईंची नजर त्याच्या मानेवर गेली.

"दादा, मानेवर ही काळी वळी कधीपासून आहे?"

"ती व्हय? उन्हातली कामं. रापलीय."

"कॉलरच्या आत ऊन जातं?"

मेव्हण्यानं कॉलर वर ओढली. "अशी वळी बऱ्याचदा साखरेची खूण असते," म्हणत डॉक्टरबाईंनी त्याचं बोट मागितलं. त्यानं बहिणीकडं बघितलं. बहीण म्हणाली, "दादा, दे की बोट." त्यानं कुस्तीत हात द्यावा तसं बोट पुढं केलं आणि सुई टोचताना डोळे मिटले. मशीननं या वेळी आकडा दाखवला, आणि तो चांगला नव्हता.

"सकाळी लाडू खाल्लाय म्हणून आसंल," तो म्हणाला.

"म्हणून उद्या उपाशीपोटी या. आणि आलाच आहात तर यांच्यासारखी हार्मोनचीही तपासणी करून घ्या."

"माझी? माझी कशाला?" त्यानं मिशांकडं बोट दाखवलं. जणू रिपोर्ट तिथंच लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आम्ही दोघं होतो. माझीही तपासणी पुन्हा करायची होती, पण डॉक्टरबाई म्हणाल्या की साखर एवढी चढलेली असताना हार्मोन मोजून उपयोग नाही, आधी साखर बसू दे. म्हणून मी फक्त सोबतीला गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी नेहमीच्या आवाजात हाक दिली. ज्याच्या आवाजावर गोठा हलतो तो माझा मेव्हणा त्या दिवशी एवढ्या हळू "व्हय" म्हणाला की शेजारी बसूनही मला ऐकू आलं नाही.

रिपोर्ट घ्यायला मीच गेलो. त्याची साखर डायबेटिसची होती आणि हार्मोन माझ्यापेक्षा कमी. तो माझ्या दुकानात पाइपांच्या बंडलावर बसून राहिला. मग म्हणाला, "दाजी, एक काम करा. हे माझ्या बहिणीला सांगू नगा."

मी शब्द दिला आणि पाळलाही. पण पुढच्या पहाटे त्यानं धार काढली, तांब्याकडं टक लावून पाहिलं आणि तो सगळाच्या सगळा मास्तरांच्या हातात दिला.

बायको उंबऱ्यात उभी होती. "दादा, तुझं बी कमी आलं व्हय?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आता तूच."

त्याच दिवशी म्हैस गावाकडं निघाली. गल्लीला वाईट वाटलं. दोन-तीन बायकांनी तिला हळद-कुंकू लावलं, चाचांनी तिला गवताची पेंडी खाऊ घातली आणि पँटीबद्दल राग नाही असं सांगितलं. मास्तर ग्लास घेऊन टेम्पोमागं थोडे चालत गेले.

त्यानंतर आमची दोघांची सूत्रं बायकोनं हातात घेतली. भाकरी, पालेभाजी, उसळ, अंडी, बेताचं मटण. गूळ तिनं कुलपात ठेवला. डॉक्टरबाईंनी चालण्याबरोबर वजनं उचलायला सांगितली होती. जिममध्ये जायची मला लाज वाटत होती, म्हणून मी दुकानातल्याच मोटारी उचलायला लागलो. लहान मोटारीपासून सुरुवात केली. गिऱ्हाइकांना वाटायचं, मी माल किती दणकट आहे ते दाखवतोय. एकानं तर विचारलं, "सगळ्या मोटारी उचलूनच इकता काय?" तिकडं मेव्हणा पेंडीची पोती उचलून गोठ्याला फेऱ्या मारत होता. म्हशी आधी बिचकल्या, मग त्यांनी बघणं सोडून दिलं.

रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंही फक्त खायच्या गोष्टी बोलायचो. जे खायचं नव्हतं, त्याच्या. नंतर त्याला कुणीतरी हार्मोनच्या इंजेक्शनचं सांगितलं. एक टोचलं की काम फत्ते. आम्ही डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काहींना खरंच लागतं, त्यांना मी देते. पण ते दिलं की रक्त घट्ट होतं का, प्रोस्टेट ठीक आहे का, हे सारखं बघत राहावं लागतं. हार्मोनला हुकूम देणारी तुमच्या डोक्यातली ग्रंथी ठीक काम करतेय, ते आपण तपासलंय. आधी पोट उतरवा. तरी हललं नाही तर बघू."

"पोट उतरवण्याचं इंजेक्शन न्हाय काय?" मेव्हण्यानं विचारलं.

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो एकदम सावरून बसला. मग त्यांनी त्याची किंमत सांगितली आणि तो पुन्हा पोत्यांकडं वळला.

माझ्या बाबतीत आणखी एक भानगड निघाली. बायकोनं सांगितलं की घोरता घोरता माझा श्वास अडकतो. तपासणी झाली, आणि झोपेत नाकावर लावायचा मास्क आणि हवा सोडणारं मशीन घरी आलं. झोप बिघडली की हार्मोनही बिघडतं आणि साखरही, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं. पहिल्यांदा मास्क लावला तेव्हा बायको म्हणाली, "इमान चालवायला चाललाय काय?" पण आठवडाभरात सकाळी डोळे उघडल्यावर डोकं हलकं वाटायला लागलं. कितीतरी वर्षांनी.

एकदा रविवारी सासुरवाडीला गेलो होतो. जेवून दुपारी जरा आडवा झालो, मशीन बरोबर होतंच. मेव्हण्याच्या शेजारणीनं दारातून वाकून बघितलं आणि तिला मी असा दिसलो. डोळे मिटलेले, तोंडावर नळी, शेजारी मशीन फुसफुसतंय. तासाभरात अर्धं गाव बघायला आलं. जागा झालो तेव्हा खोलीत माणसं दाटीनं बसली होती, सगळे गप्प, आणि कुणीतरी म्हणत होतं, "माणूस चांगला हुता." मी मास्क काढून उठून बसलो. एक म्हातारी मागं सरकता सरकता भिंतीला टेकली. सगळ्यांनी आजाऱ्याला म्हणून बिस्किटाचे पुडे आणले होते. ते आम्हा दोघांनाही चालत नव्हते. मेव्हणा त्या पुड्यांच्या राशीकडं बघत म्हणाला, "दाजी, एकेक खायचं काय?" बहिणीनं सगळे पुडे पिशवीत भरले आणि ज्याचे त्याला परत दिले.

पावसाळा गेला, थंडी आली. माझी साखर बसली, पोट बऱ्यापैकी उतरलं. सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं तर हार्मोन कमीच्या रेषेवरून थोडं वर सरकलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता इंजेक्शनचं नाव काढू नका. बाकीच्या बाबतीत काय फरक पडला ते मी लिहिणार नाही, कारण हे वाचणारी पहिली बाई घरातच आहे. मेव्हण्याचं हार्मोन माझ्यापेक्षा जास्त वर आलं. उसाला टनेज किती पडलं हे जसं शेतकरी एकमेकांना विचारतात तसा तो मला फोनवर विचारायचा, "दाजी, तुमचं किती आलं? माझं बघा की." त्याला वाटतं तो जिंकला, आणि मी तसंच वाटू देतो.

त्या लगीनसराईत नेसरीला आमच्या नात्यात लग्न होतं. मेव्हणा फेटे फार सुरेख बांधतो, म्हणून वऱ्हाडाला फेटे बांधायचं काम त्याच्याकडं आलं. माणूस पुढं बसायचा, मेव्हणा मागं उभा. आणि मागं उभं राहिलं की पुढच्याची मान दिसते. तो फेट्याचा पहिला वेढा घ्यायचा, थांबायचा, कॉलर बोटानं जरा खाली करायचा आणि कानात म्हणायचा, "पावणं, एकदा सकाळी उपाशीपोटी जाऊन या." काहींना कळलं नाही. एक जण म्हणाला, "कुठं? देवाला?" नवरीच्या चुलत्यांना मात्र राग आला. अर्धा बांधलेला फेटा डोक्यावर घेऊन ते ताडकन उठले. "लग्नाला बोलवलंय तुला, का माझी मान बघायला?"

"तुमची मान मला दिसली, पावणं. मी बोलवली न्हाय."

आवाज चढला. वाजंत्री थांबली. मी मध्ये पडलो आणि मेव्हण्याला मांडवाबाहेर घेऊन गेलो. "दाजी, मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पाच-सात वर्सं दूध-गुळाचा तांब्या तोंडाला लावून हिंडलो नसतो," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चुलत्यांचा फेटा शेवटी दुसऱ्यानंच बांधला आणि तो पंक्तीपर्यंत दोनदा सुटला.

पंक्तीत चुलते माझ्यासमोरच बसले होते. वाढप्यानं जिलेबी पुढं केली. त्यांनी हात आडवा धरला, इकडंतिकडं बघितलं आणि मला विचारलं, "तुमचं मेव्हणं उपाशीपोटी जा म्हणालं, ते डॉक्टर कुठं हायेत? सकाळी किती वाजता बसत्यात?" मी सांगितलं. त्यांच्या पलीकडचा माणूसही वाकून ऐकत होता. त्याच्या पलीकडच्यानं घास हातातच धरला होता. वाढप्या जिलेबीची पाटी घेऊन पुढं गेला आणि बायकांच्या पंक्तीत शिरला. तिथं माझी बायको बसली होती. तिनं दोन घेतल्या.